अंथरूण मोठे केले, पण पाय कोण मोजणार?

मार्च २०२४ मध्ये गूगलमधल्या पाशा तताशिन या अभियंत्याने लिनक्स कर्नलसाठी, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या प्रणालीच्या गाभ्यासाठी, एक प्रस्ताव मांडला. थ्रेडला (चालू कामाच्या एका धाग्याला) कर्नलमध्ये मिळणारा स्टॅक, म्हणजे कामापुरती मेमरी, जन्मतःच पूर्ण देऊ नये, लागेल तसा वाढवत न्यावा, म्हणजे न वापरलेली मेमरी अडकून पडणार नाही, असा त्याचा विचार. प्रस्ताव गंभीरपणे घेण्यासारखाच होता. त्यावरून माझ्या आसपासच्या कर्नलवाल्यांत जो वाद पेटला, तो मात्र मला अजून खटकतो. एक बाजू म्हणते, रॅम स्वस्त झाली आहे, सरळ ३२ किलोबाइटचा स्टॅक द्या आणि विषय मिटवा. दुसरी म्हणते, हल्लीच्या मुलांना बाइटची किंमत नाही, आमच्या वेळी ४ किलोबाइटमध्ये भागत होते. पहिल्या बाजूला हा पैशाचा हिशेब वाटतो, दुसरीला संस्कारांचा. माझ्या मते दोघेही भलत्याच प्रश्नाचे उत्तर देत बसले आहेत. कर्नलचा स्टॅक लहानच राहावा आणि त्यासाठी कोड लिहिताना कष्ट घ्यावेत, असे मी ठामपणे मानते. मेमरी वाचते हे त्याचे मुख्य कारण नव्हे. एकमेकांचा कोड कधीही न वाचणारी शेकडो माणसे त्या एका अंथरुणावर पाय पसरत असतात. सगळ्यांच्या पायांची मिळून लांबी किती झाली, हे बघायला भाग पाडणारी गोष्ट आपल्याकडे एकच आहे, ती म्हणजे ही मर्यादा.

कर्नलशी रोजचा संबंध नसणाऱ्यांसाठी थोडे सांगायला हवे. एक फंक्शन दुसऱ्याला बोलावते तेव्हा परतीचा पत्ता, जपून ठेवायची रजिस्टरे आणि त्या फंक्शनची स्वतःची व्हेरिएबल्स स्टॅकवर मांडली जातात. या मांडणीला फ्रेम म्हणतात. काम संपले की फ्रेम उचलली जाते. साधा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला लिनक्सवर यासाठी सहसा ८ मेगाबाइटची मुभा असते, आणि जागा कमी पडू लागली की कर्नल हळूच आणखी पेजेस (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) जोडून देतो. खुद्द कर्नलच्या स्टॅकला असे मागून जोडून देणारे कोणी नाही. ६४-बिट इंटेल किंवा एएमडी यंत्रावर तो १६ किलोबाइटचा असतो, म्हणजे वरच्या मुभेचा पाचशे बारावा हिस्सा. तेवढ्यात सिस्टिम कॉल, फाइल सिस्टिम, मेमरीची वाटणी, ब्लॉक लेयर (डिस्ककडच्या विनंत्या हाताळणारा थर), ड्रायव्हर असे सगळे एकावर एक बसवायचे. ओलांडले तर, निदान २०१६ पर्यंत, पलीकडे जे काही असेल त्यावर लिहिले जाई.

आता पैशाचा हिशेब. माझ्या बाजूचे अनेकजण इथे हातचे राखून बोलतात, म्हणून आकडे समोरच ठेवते. साधारण लॅपटॉपवर दोन हजार थ्रेड चालू आहेत असे धरा. प्रत्येकी १६ किलोबाइट म्हणजे एकूण ३२ मेगाबाइट. ८ गीगाबाइटच्या यंत्रात हे अर्धा टक्काही होत नाही. ब्राउझरची एक टॅब बंद केली तर याहून जास्त जागा मोकळी होईल. तेव्हा घरच्या यंत्रावर मेमरी वाचवण्यासाठी स्टॅक कमी करा, हा युक्तिवाद टिकत नाही आणि तो करू नये. डेटा सेंटरमध्ये चित्र वेगळे दिसते. एका यंत्रावर दहा लाख थ्रेड उभे केले तर नुसत्या स्टॅकला सुमारे १६ गीगाबाइट लागतात, आणि त्यातला बराचसा भाग कधी वापरलाही जात नाही. तताशिनच्या प्रस्तावाचे मूळ तिथे आहे. पण ही अडचण मोजक्या कंपन्यांची. फक्त तिच्यावर सगळ्यांची शिस्त उभी करता येणार नाही.

‘आमच्या वेळी चारमध्ये भागत होते’ हेही खरे नाही. २००४ साली कर्नलच्या २.६.६ या आवृत्तीत ३२-बिट यंत्रांसाठी ४ किलोबाइटच्या स्टॅकचा पर्याय आला. आर्यन व्हॅन डी व्हेन हा त्यामागचा प्रमुख माणूस. कारणे चांगली होती. ३२-बिट कर्नलला थेट हाताळता येणारी मेमरी ८९६ मेगाबाइटच्या आसपास. स्टॅकसाठी लागोपाठची दोन पेजेस लागत, आणि यंत्र बरेच दिवस चालू राहिले की मेमरीचे असे तुकडे पडत की एकेकटी पेजेस भरपूर, पण जोडी सापडेना. एका पेजमध्ये भागले तर हा प्रश्नच उरत नाही. म्हणून इंटरप्टसाठी (हार्डवेअरने मध्येच आणलेल्या कामासाठी) वेगळे स्टॅक केले आणि बाकीच्यांना चारमध्ये बसायला सांगितले. त्याच वर्षी आलेल्या फेडोरा कोअर २ ने हा पर्याय चालू करूनच वितरण केले. त्यानंतरची काही वर्षे ज्यांनी एलव्हीएमवर (डिस्कच्या जागेची विभागणी करणारा थर) एक्सएफएस ही फाइल सिस्टिम आणि वर एनएफएस (नेटवर्कवरून फाइली देणारी सोय) असा डोलारा चालवला त्यांना विचारा. यंत्रे कोसळत होती. विंडोजचे वायफाय ड्रायव्हर लिनक्सवर चालवणाऱ्या एनडिसरॅपरचे हाल तर विचारू नका, कारण ते ड्रायव्हर विंडोजच्या १२ किलोबाइटच्या स्टॅकवर विसंबून लिहिलेले. अखेर २.६.३७ मध्ये तो पर्याय काढून टाकला गेला. मर्यादा कोडच्या खऱ्या गरजेच्या खाली नेली की शिस्त लागत नाही, माणसे मर्यादाच बंद करतात, एवढे त्या प्रयोगाने दाखवले. ते मी मान्य करते. जुन्या दिवसांच्या आठवणी काढणाऱ्यांनीही करावे.

२०१४ साली स्टॅक ८ वरून १६ किलोबाइटवर नेला गेला, तोही निर्णय बरोबर होता असे माझे मत आहे. ६४-बिट यंत्रांवर पॉइंटर चारऐवजी आठ बाइटचा झाला होता, रजिस्टरे रुंद आणि संख्येने जास्त झाली होती, तरी स्टॅक मात्र ८ किलोबाइटवरच थांबलेला. मिंचान किम या कर्नलवाल्याने एक बिघाड दाखवला. व्हर्च्युअल यंत्रात मेमरी संपत आली, कर्नल पेजेस स्वॅपमध्ये (डिस्कवरच्या राखीव जागेत) ढकलू लागला, त्यासाठी ब्लॉक लेयरमधून व्हर्च्युअल डिस्कच्या व्हर्टआयओ ड्रायव्हरपर्यंत पोचला, त्या ड्रायव्हरला पुन्हा थोडी मेमरी लागली, आणि तिथे स्टॅक संपला. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने हा बदल ३.१५ आवृत्तीच्या अगदी शेवटच्या टप्प्यात आत घेतला. एरवी त्या टप्प्यावर तो असले काही घेत नाही, यावरून निकड कळते.

पण याच्या पुढची गोष्ट वादात कोणी सांगत नाही, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. एक्सएफएसच्या लोकांनी २०१२ मध्ये, ८ किलोबाइटच्या काळात, एक जडसा उपाय केला होता. डिस्कवर जागा वाटण्याचे काम चालू थ्रेडच्या स्टॅकवर न करता वर्कक्यूमधल्या (कामांच्या रांगेतल्या) दुसऱ्या थ्रेडकडे द्यायचे, म्हणजे त्याला कोरा स्टॅक मिळतो. उपाय चालला, पण प्रत्येक वेळी थ्रेड बदलण्याचा भुर्दंड बसे. २०१४ मध्ये स्टॅक दुप्पट झाला. आता हे सगळे काढून टाकायला काय हरकत होती? एक्सएफएसवाल्या डेव्ह चिनरने ते काढले नाही. स्टॅक १६ किलोबाइट झाला म्हणून काटकसरीचे जुने बदल उलटवायचे कारण नाही, असे त्याने त्या वेळच्या बदलासोबत स्पष्ट लिहून ठेवले. वाढीव जागेने सुरक्षेची जाळी मिळाली आहे, तिच्या भरवशावर ते बदल अधिक नेमके करता येतील, चुकलो तर लगेच तोंडावर आपटणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. मग थ्रेड बदलण्याची युक्ती त्याने जिथे खरोखर खोल जावे लागते तेवढ्याच जागेपुरती, म्हणजे बी-ट्रीचा (नोंदी ठेवणाऱ्या झाडासारख्या रचनेचा) ब्लॉक दुभंगण्याच्या कामापुरती ठेवली. वाढलेली जागा त्याने राखीव ठेवली, वापरायला काढली नाही. ‘स्टॅक वाढवा’ म्हणणाऱ्यांच्या तोंडून असा वापर मी क्वचितच ऐकते.

आता मूळ मुद्द्याकडे. कर्नलमध्ये कुठल्याही एका फंक्शनची फ्रेम फार मोठी झाली तर कंपायलर ओरडतो. ६४-बिटसाठी ही मर्यादा सहसा २०४८ बाइट असते, ३२-बिटसाठी १०२४. ही सोय उत्तम आहे, आणि तिच्यामुळेच आपली फसगत होते. कारण स्टॅक संपतो तो एका फ्रेममुळे नव्हे. मिंचान किमच्या त्या माळेत डझनावारी फंक्शने होती, बहुतेकांची फ्रेम शे-दोनशे बाइटच्या आतबाहेर. कोणाचे चुकले? फाइल सिस्टिमवाल्याचे? मेमरी परत मिळवणाऱ्याचे? ड्रायव्हरवाल्याचे? प्रत्येकाने स्वतःचा कोड दाखवून म्हणावे की माझ्याकडे काही वावगे नाही, आणि प्रत्येकाचे खरेच असावे. थेंबे थेंबे तळे साचते, तसे हे तळे साचत जाते. फरक इतकाच की एकूण पाण्याची पातळी त्या बांधावर उभे राहून बघणारा कोणी नसतो.

माझ्या उमेदवारीच्या काळात मी स्टोरेजच्या एका ड्रायव्हरवर काम करत होते. एका ग्राहकाचे यंत्र दोन-तीन आठवड्यांनी एकदा कोसळे, आणि दर वेळी वेगळ्याच जागी. एकदा नेटवर्कच्या कोडमध्ये, एकदा शेड्युलरमध्ये. आम्ही रॅम बदलून पाहिली, मदरबोर्ड बदलला. शेवटी स्टॅक ट्रेसर (स्टॅक किती भरला हे नोंदवणारी सोय) चालू ठेवून महिनाभर वाट बघितली तेव्हा कळले की बॅकअप चालू असताना मेमरी कमी पडली की आमच्याच ड्रायव्हरपर्यंत येणारी एक वाट सगळा स्टॅक खाऊन टाकते. आमच्या फंक्शनमध्ये चूक कळवणारा संदेश तयार करण्यासाठी ५१२ बाइटचे एक अ‍ॅरे होते. तो संदेश त्या वाटेने कधीच तयार होत नसे. जागा मात्र प्रत्येक वेळी अडवली जाई. अ‍ॅरे वेगळ्या फंक्शनमध्ये नेले, कंपायलरने ते पुन्हा आत ओढू नये म्हणून नोइनलाइनची खूण लावली, आणि यंत्र शांत झाले. ज्याने ते अ‍ॅरे लिहिले त्याने काही पाप केले नव्हते. आपल्या आधी कोण कोण येऊन बसले आहे हे त्याला दिसतच नव्हते.

यावर एक सरळ प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. स्टॅक ३२ किलोबाइटचा असता तर ते यंत्र कोसळलेच नसते, नाही का? नसते कोसळले. त्या वर्षी नसते. मर्यादा दुप्पट केल्याने आजची अडचण नक्की सुटते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मर्यादा म्हणजे काय, यासाठी मला एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश जहाजांची आठवण होते. मालक जहाजांत वाटेल तितका माल भरत आणि खलाशी बुडत. सॅम्युएल प्लिम्सोल या खासदाराने अनेक वर्षे झगडून १८७६ चा कायदा आणवला, आणि जहाजाच्या अंगावर भाररेषा रंगवणे सक्तीचे झाले. पण ती रेषा नेमकी कुठे काढायची हे त्या कायद्याने मालकावर सोडले होते. सोयीप्रमाणे वर सरकवता येणारी रेषा बुडण्यापासून कशी वाचवणार? तिची जागा नियमाने पक्की व्हायला १८९० उजाडले. समुद्रात पाणी कमी होते म्हणून काही ती रेषा काढली नव्हती. माल चढवणारा हमाल, मालाचा व्यापारी, जहाजाचा मालक, यांतल्या कोणालाच एकूण भार दिसत नव्हता किंवा बघायचा नव्हता. रेषेमुळे तो धक्क्यावर उभ्या असलेल्या कोणालाही दिसू लागला. कर्नलच्या स्टॅकची मर्यादा माझ्या लेखी तेच काम करते.

आणि तिने ते करून दाखवले आहे. २००७ पर्यंत ब्लॉक लेयरमध्ये एकावर एक रचलेल्या डिव्हाइसांची वाट अशी होती: वरच्या डिव्हाइसने विनंती थोडी बदलून खालच्याकडे पाठवण्यासाठी तेच फंक्शन पुन्हा बोलवायचे, खालच्याने त्याच्या खालच्यासाठी पुन्हा तेच. रेडवर (अनेक डिस्क एकत्र जोडणाऱ्या रचनेवर) एलव्हीएम, त्यावर एन्क्रिप्शन, असे थर जितके, स्टॅकवरची पुनरावृत्ती तितकी. नील ब्राउनच्या बदलाने, २.६.२२ मध्ये, आतून आलेल्या विनंत्या थ्रेडपाशी एका यादीत ठेवून सर्वांत वरचे फंक्शन त्या एकामागून एक हातावेगळ्या करू लागले. दहा थर रचा, स्टॅक तेवढाच. ३.२ आवृत्तीपासून मेमरी मिळवण्याच्या धडपडीत सापडलेल्या सामान्य थ्रेडने फाइलची पेजेस डिस्कवर लिहायला जाणे बंद झाले. मेल गोर्मनच्या त्या बदलांनी स्टॅकवरची सगळ्यात खोल वाट बुजवली, आणि विस्कळित लिखाणामुळे डिस्कचा जो वेळ जाई तोही वाचला. २०१५ मध्ये अल विरोने फाइलचा मार्ग शोधण्याचा कोड पुनरावृत्तीऐवजी साध्या लूपवर आणला. आधी सिमलिंकमध्ये (दुसऱ्या मार्गाकडे बोट दाखवणाऱ्या फाइलमध्ये) सिमलिंक असे आठच्या पलीकडे जाता येत नसे, कारण त्याहून खोल गेले तर स्टॅकचा भरवसा नव्हता. ४.२ आवृत्तीत ती अट गेली आणि एकूण ४० सिमलिंकची तेवढी राहिली. म्हणजे स्टॅक वाचवताना वापरणाऱ्याची मुभा वाढली. हे तीनही बदल मेहनतीचे होते, अनुभवी माणसांचा वेळ खाणारे होते. स्टॅक तेव्हा ६४ किलोबाइटचा असता तर यांतला एकतरी बदल कोणी हाती घेतला असता का?

नील ब्राउनचा तो बदल फुकटात पडला असे मात्र कोणी समजू नये. विनंत्या यादीत थांबू लागल्यावर एक विनंती दुसरीसाठी अडून बसण्याचे नवेच प्रकार घडू लागले, त्यासाठी बचाव थ्रेड आणावे लागले, आणि विनंत्यांचा क्रम पुन्हा एकदा, दहा वर्षांनी, २०१७ मध्ये सुधारावा लागला. विरोधकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा इथेच आहे: स्टॅकवरून उचललेली अडचण कुठेतरी ठेवावीच लागते. स्थानिक व्हेरिएबल स्टॅकवर असेल तर ते मिळेल का हा प्रश्न नसतो, ते प्रोसेसरजवळच्या कॅशमध्ये गरम असते, आणि फंक्शन संपले की आपोआप मोकळे होते. तेच केमॅलॉकने (कर्नलमधले मेमरी मागण्याचे फंक्शन; परत करण्याचे ते केफ्री) मागितले की ते न मिळण्याची शक्यता आली, ती हाताळणारा कोड आला, तो कोड कधीच तपासला जात नाही ही खंत आली, आणि विसरलेल्या केफ्रीची गळतीही आली. त्यातून मेमरी परत मिळवण्याच्या वाटेवरच मेमरी मागायची म्हणजे विहीर खणणाऱ्याने त्याच विहिरीचे पाणी मागण्यासारखे. मी याहून वाईटही पाहिले आहे. कंपायलरची तक्रार बंद करण्यासाठी कोणी स्थानिक अ‍ॅरेपुढे ‘स्टॅटिक’ हा शब्द टाकतो, ते अ‍ॅरे स्टॅकवरून निघून सगळ्यांत सामाईक होते, फ्रेम लहान होते, तक्रार थांबते, आणि दोन प्रोसेसर एकाच वेळी त्या अ‍ॅरेवर लिहू लागतात. असल्या काटकसरीपेक्षा उधळपट्टी परवडली. म्हणून शंभर बाइटचे साठ करण्यासाठी कोड वाकडा करणाऱ्यांच्या मी विरोधात आहे. आधी खोली कमी करा: पुनरावृत्ती मोडा, मेमरी मागणारी वाट उथळ करा, दुर्मीळ कामाची मोठी व्हेरिएबल्स नेहमीच्या वाटेवरून बाजूला घ्या. ४०९६ प्रोसेसरसाठी बांधलेल्या कर्नलमध्ये प्रोसेसरांचा एक मास्क (प्रत्येक प्रोसेसरसाठी एक बिट ठेवणारी यादी) ५१२ बाइटचा होतो. २००८ च्या सुमारास तो स्टॅकवरून हलवण्याचे काम सुरू झाले ते योग्यच होते, कारण तिथे फ्रेम यंत्राच्या आकाराबरोबर वाढत होती.

दुसरा आक्षेप अलीकडचा आहे. ४.९ पासून, म्हणजे डिसेंबर २०१६ पासून, अँडी लुटोमिरस्कीच्या कामामुळे स्टॅक व्हर्च्युअल मेमरीत ठेवता येतो आणि त्याच्या टोकाला एक रिकामे गार्ड पेज असते. स्टॅक ओलांडला की तत्क्षणी कळते, शेजारच्या मेमरीची गुपचूप नासाडी होत नाही. मग एवढी चिंता कशाला? ही सुधारणा माझ्या मते गेल्या काही दशकांतल्या सर्वोत्तम सुधारणांपैकी एक आहे. स्टॅकवरच्या बफरमधून थेट डीएमए (डिव्हाइसने प्रोसेसरला वगळून मेमरी वाचणे-लिहिणे) करणारे कित्येक ड्रायव्हर तिच्यामुळे उघडे पडले, हाही लाभच. माझे ते जुने यंत्र आज असते तर पहिल्याच दिवशी दोषी सापडला असता. पण सापडला असता तो यंत्र कोसळल्यावर. ज्याचा बॅकअप अर्धवट राहिला त्याच्यासाठी नीट नोंद ठेवून कोसळलेले यंत्रही कोसळलेलेच. शिवाय कुंपण एकाच पेजाचे. मोठी फ्रेम त्यावरून उडी मारून पलीकडे उतरू शकते. २०१७ मध्ये ‘स्टॅक क्लॅश’ या नावाने सामान्य प्रोग्रॅमच्या स्टॅकबाबत नेमके हेच सिद्ध झाले, आणि तिथले कुंपण एका पेजावरून वाढवून १ मेगाबाइटचे करावे लागले. कर्नलमध्ये असे करणार का? त्याऐवजी उडीच बंद केली गेली. चालू असताना लांबी ठरणारी अ‍ॅरे स्टॅकवर ठेवण्याची पद्धत कीस कुकच्या पुढाकाराने, अनेकांच्या हातभाराने, एकेक जागा शोधून काढून टाकली. २०१८ च्या अखेरीस आलेल्या ४.२० मध्ये कर्नल त्यांतून मोकळा झाला. टोरवाल्ड्सचाही या अ‍ॅरेंना कडक विरोध होता, आणि त्यांनी कोड हळू होतो हेही त्यामागचे एक कारण होते.

जागा दुप्पट केल्याने सुरक्षा येते असे ज्यांना वाटते त्यांनी २०१६ ची ईक्रिप्टएफएसची त्रुटी पाहावी. ईक्रिप्टएफएस ही दुसऱ्या फाइल सिस्टिमवर बसणारी फाइल सिस्टिम. यान हॉर्नने दाखवले की तिच्यातून प्रॉकमधली (कर्नल प्रोसेसची माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो त्या जागेतली) एक फाइल मेमरीत जोडता येते. ती वाचताना दुसऱ्या प्रोसेसच्या मेमरीत डोकवावे लागते, तिथे पेज फॉल्ट (हवे ते पेज मेमरीत नसल्याची हाक) होतो, तो पुन्हा अशाच दुसऱ्या फाइलकडे नेतो, तिथून तिसऱ्या. हल्लेखोर ही साखळी हवी तितकी लांबवू शकतो. स्टॅक संपतो, आणि त्या काळी स्टॅकच्याच तळाशी ठेवलेली थ्रेडची नाजूक माहिती पुसली जाऊन हल्लेखोराच्या हाती कर्नल येतो. तिथे स्टॅक १६ किलोबाइटचा होता. दोन वर्षांपूर्वीची दुप्पट तिथे काही कामाला आली नाही, चौपटही आली नसती. उपाय होता तो वाटच बंद करण्याचा: प्रॉकवर दुसरी फाइल सिस्टिम बसू द्यायची नाही, आणि जिथे खालची फाइल सिस्टिम परवानगी देत नाही तिथे असे जोडू द्यायचे नाही.

दोन आकडी साल ठेवून दोन बाइट वाचवले आणि २००० साल उजाडताना सगळ्या जगाला त्याची किंमत मोजावी लागली, हा दाखला मला नेहमी ऐकवला जातो. काटकसरीचा तो खरोखर वाईट नमुना होता. पण त्यात वाईट काय होते? तिथे शतकाची माहितीच टाकून दिली होती, आणि मर्यादा कुठे संपते ते कोडमध्ये दिसत नव्हते. कॉलची माळ उथळ करताना आपण कुठली माहिती टाकून देतो? काहीच नाही. उलट कोण कोणाला बोलावते हे उजेडात येते.

तताशिनच्या वाढत्या स्टॅकला माझा विरोध नाही, त्याची कमाल मर्यादा १६ किलोबाइटच राहणार असेल तर. अडचण तांत्रिक आहे आणि ती मोठी आहे. कर्नलमध्ये स्टॅक संपल्याचा फॉल्ट आला की तो हाताळायलाही स्टॅक लागतो. इंटेलच्या जुन्या रचनेत अशा वेळी डबल फॉल्ट (फॉल्ट हाताळतानाच झालेला दुसरा फॉल्ट) होतो, आणि त्यातून मागे फिरून काम पुढे चालवणे हा त्या सोयीचा उद्देशच नाही. ही अडचण मार्गी लागली आणि न वापरलेली मेमरी परत मिळाली, तर मला आनंदच आहे. मला भीती आहे ती त्यापुढच्या वाक्याची: ‘आता वाढतोच आहे, तर वाढू द्या.’ या बाबतीत विंडोजची पद्धत मला पटते. तिथे ६४-बिट यंत्रावर कर्नलचा स्टॅक २४ किलोबाइटचा असतो, आणि ज्या कोडला आपण खोल जाणार हे माहीत आहे त्याने त्यासाठीचे फंक्शन बोलावून जास्तीची जागा उघड मागायची असते. ती मागणी कोडमध्ये लिहिलेली दिसते. पॅच तपासणारा तिथे बोट ठेवून विचारू शकतो, ही कशासाठी? आपोआप मिळणाऱ्या जागेला असा प्रश्न कोणीच विचारत नाही.

राहिला नव्या पिढीचा मुद्दा. ही शिस्त सी या जुन्या भाषेत लिहिणाऱ्या म्हाताऱ्यांची, असे म्हणणाऱ्यांनी कर्नलमधल्या रस्ट या नव्या भाषेकडे जरूर बघावे. रस्टमध्ये मोठे स्ट्रक्ट (अनेक फील्डांची वस्तू) तयार करण्याची सहज रीत म्हणजे ते आधी स्टॅकवर घडवायचे आणि मग उचलून हीपमध्ये (मागून घेतलेल्या मेमरीत) ठेवायचे. कंपायलरने मधली पायरी टाळली तर ठीक, पण टाळीलच याची हमी नाही. ८ मेगाबाइटच्या स्टॅकवर हे खपून जाते. १६ किलोबाइटवर एखादा मोठा ड्रायव्हर तेवढ्यानेच कोसळेल. कर्नलमध्ये रस्ट आणणाऱ्या तरुण मंडळींनी यावर स्टॅक वाढवून मागितला नाही. त्यांनी पिन-इनिट ही रचना उभी केली: वस्तू जिथे शेवटी राहायची त्याच जागी, एकेक फील्ड करत, जागच्या जागी घडवायची, आणि मध्येच काही फसले तर तयार झालेले तेवढे नीट मोडून टाकायचे. एकदा घडलेली वस्तू जागेवरून हलू नये, ही कर्नलमधल्या म्यूटेक्ससारख्या (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपासारख्या) गोष्टींची गरजही त्याच रचनेने भागवली.